उघडी खोली : प्रस्तावना

घराला लागून असलेली उघडी जागा म्हटली की हल्ली डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. लाकडी फळ्यांची जमीन, वेताच्या खुर्च्या, टांगता झोपाळा, कठड्यावर सोडलेली दिव्यांची माळ, आणि या सगळ्यात हातात कप घेऊन निवांत बसलेलं जोडपं. बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकांत हे चित्र असतं, फार्महाउसच्या जाहिरातींत असतं, गृहसजावटीच्या मासिकांत तर असतंच. चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. ते हुबेहूब उतरवून घेतलेल्या कितीतरी घरांच्या गच्च्यांवर आणि डेकवर दोन पावसाळ्यांनंतर काय उरतं, तेही पाहण्यासारखं असतं. रंग उडालेल्या खुर्च्या, बंद पडलेली माळ, कडेला रचलेली खोकी आणि आतून कडी लावलेलं दार. माणसं मोबाइलमध्ये गुंतली, एसीला सोकावली, कुणाला वेळच उरला नाही, अशी कारणं त्यावर सांगितली जातात. या पुस्तकाचं म्हणणं वेगळं आहे. उघडी जागा केवळ आरामासाठी केली तर ती फार काळ टिकत नाही. घरातलं एखादं रोजचं काम तिला नेमून दिलं तरच ती वापरात राहते, आणि वापरात राहिली की आराम तिथे आपोआप येतो. स्वयंपाकघराला जसं काम असतं तसं तिलाही हवं, म्हणून तिला इथे ‘उघडी खोली’ म्हटलं आहे. पुढची प्रकरणं अंगण, ओटी, चौक, माळवद, गॅलरी, बाल्कनी आणि परसातला डेक यांच्याविषयी आहेत. त्या सगळ्यांना एकत्र बांधणारा विचार या प्रस्तावनेत मांडला आहे.

या विचाराचा सर्वांत भक्कम पुरावा कोकणातल्या खळ्यात मिळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरापुढचं खळं दर वर्षी नव्याने घडवलं जाई. पावसाळ्यात त्यावर गवत माजे. पाऊस ओसरला की ते काढायचं, लागेल तिथे नवी माती पसरायची, पाणी शिंपून चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवून घ्यायची. संध्याकाळी हवा खात बसता यावं म्हणून एवढे कष्ट कुणी घेतले नसते. कापून आणलेलं भात झोडायला आणि वाळवायला टणक, स्वच्छ जमीन लागे, म्हणून खळं होई. भात घरात गेलं की त्याच जमिनीवर मांडव उभा राही, आणि तुळशीच्या लग्नापासून मृगापर्यंत खळ्याला उसंत नसे. सुपारी वाळत पडे, पापड-फेण्या उन्हात जात, कोकमाच्या साली रसाची पुटं देत वाळवल्या जात, आंब्या-फणसाची साठं घातली जात. लग्नाची पंगत तिथेच बसे आणि उन्हाळ्यात रात्री अंथरुणंही तिथेच पडत. या कामांच्या यादीत विश्रांतीला वेगळी जागा नाही. तरी मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला खळं आठवतं ते विसाव्याची जागा म्हणूनच. त्याचं कारण उघड आहे. जमीन सारवलेली असे, वर मांडवाची सावली असे, आणि वाळवणावर लक्ष ठेवायला कुणी ना कुणी बसलेलंच असे. विसाव्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी कामामुळे आधीच जमलेल्या असत. जिथे भातशेती थांबली किंवा मळणी यंत्रावर गेली, तिथे खळ्यावर चिरे नाहीतर पेव्हर ब्लॉक बसले. जमीन पूर्वीपेक्षा सोयीची झाली, पण माणसं तिथून उठली. आज त्या जागेवर बहुधा गाडी उभी असते.

जागा कशासाठी हवी हे काम ठरवतं, आणि ती कशी असावी हे हवामान ठरवतं. महाराष्ट्रात याची दोन अगदी उलटी उत्तरं शेजारी शेजारी सापडतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उरलेले महिने दमट हवा. अशा हवेत घाम वाळत नाही, म्हणून वाऱ्याइतकी दुसरी कशाची गरज नसते. नुसती मंद झुळूक अंगावरून गेली तरी दोन-तीन अंशांनी गार वाटतं. त्यामुळे इथली उघडी खोली म्हणजे छप्पर असलेली पण भिंती नसलेली ओटी-पडवी. छप्पर उतरतं आणि खाली आलेलं, म्हणजे पाऊस आत येत नाही नि वारा अडत नाही. पावसाचा मारा ज्या बाजूने असेल तिथे विणलेल्या झापांचा आडोसा बांधायचा आणि पाऊस गेला की काढून टाकायचा. घाट चढून देशावर आलं की सगळं उलटतं. मराठवाडा, सोलापूर, विदर्भाचा काही भाग इथे हवा कोरडी, दिवस तापलेला आणि रात्र निरभ्र. कोरड्या निरभ्र आकाशाखाली जमीन आणि धाबं दिवसभराची उष्णता झपाट्याने बाहेर टाकतात, तर बंद खोलीच्या भिंती तीच उष्णता रात्रभर आत सोडत राहतात. म्हणून इथल्या उघड्या खोलीला भिंती आहेत पण छप्पर नाही. वाड्याचा चौक आणि घरावरचं माळवद ही तिची दोन रूपं. दुपारी चौकाभोवतीच्या ओसरीची सावली धरायची, आणि माळवदावर उन्हात कुरडया-सांडगे वाळवून रात्री तिथेच बाज टाकायची. कोकणातली पडवी लातूरला नेली आणि लातूरचं माळवद मालवणात आणलं तर दोन्ही निकामी ठरतील. मासिकातला डेक जसाच्या तसा उचलून आणला की तो का फसतो, त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. त्याचा आकार भलत्याच हवेसाठी ठरलेला असतो.

मग डेक हे अमेरिकेचं निव्वळ चैनीचं प्रकरण मानायचं का? त्याचा इतिहास पाहिला तर तोही याच विचाराच्या बाजूने साक्ष देतो. जुन्या अमेरिकी घराची बैठक पुढच्या पोर्चमध्ये असे. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं पसरली, रस्ते मोटारींनी भरले आणि घराचं लक्ष मागच्या अंगणाकडे वळलं. कॅलिफोर्नियातले उद्यानरचनाकार टॉमस चर्च यांनी १९४८मध्ये सोनोमा परगण्यातल्या डोनेल उद्यानात ओकच्या झाडांना मध्ये घेऊन लाकडी डेक बांधला. बाग बघण्यापुरती नसते, वापरण्यासाठी असते, ही त्यांची भूमिका त्यांच्या १९५५च्या पुस्तकाच्या ‘गार्डन्स आर फॉर पीपल’ या नावातही दिसते. डेक सामान्य घरांच्या आवाक्यात आला त्याला मात्र दोन साध्या गोष्टी कारण झाल्या. पहिली, न कुजणारं स्वस्त लाकूड. लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने भरण्याची पद्धत सोंटी कामेसन या भारतीय संशोधकाने १९३३मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत शोधली, आणि अमेरिकेतले डेक पुढे कित्येक दशकं याच मिश्रणाच्या लाकडावर उभे राहिले. आर्सेनिकच्या धास्तीने २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते मागे घेण्यात आलं. दुसरी गोष्ट म्हणजे शेगडी. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठीचे धातूचे अर्धगोल वापरून झाकणाची शेगडी बनवली आणि अंगणातलं भाजणं सोपं झालं. अमेरिकेतला डेक बहुधा स्वयंपाकघराच्या सरकत्या दाराला लागून असतो, कारण उन्हाळ्यातला निम्मा स्वयंपाक तिथे होतो. तिथल्या मराठी घरांनी तर हे काम आणखी वाढवलं. भरताचं वांगं भाजायला आणि मासळी तळायला डेकसारखी जागा नाही. धूर खोलीत कोंडत नाही, आगीची सूचना देणारी भिंतीवरची घंटा वाजत नाही आणि वास गालिच्यात मुरत नाही. म्हणजे ज्याला आपण आरामाची जागा समजून नक्कल करतो, तो मुळात बाहेर नेलेला स्वयंपाकाचा ओटा आहे.

आता शहराकडे वळू. गिरगावातल्या चाळींमधल्या एका खोलीत पाच-सात माणसांचं बिऱ्हाड मावत होतं ते त्या खोलीच्या जिवावर नव्हे, बाहेरच्या गॅलरीच्या जिवावर. धान्य निवडणं, कपडे वाळवणं, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचं बसणं, पुरुषांचं झोपणं, या सगळ्याला गॅलरी होती. उत्सवात तीच प्रेक्षागृह होई. केशवजी नाईक चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो, आणि अशा चाळींतल्या कार्यक्रमांना मधलं अंगण रंगमंच आणि तिन्ही बाजूंच्या गॅलऱ्या सज्जे अशी आयतीच रचना मिळत आली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधले चाळकरी मालकाने बंद ठेवलेल्या गच्चीसाठी चळवळ उभारतात. वाचक त्यावर हसतो, पण त्या मागणीत काही खोटं आहे असं त्याला वाटत नाही. पुढे ब्लॉक आले, स्वतंत्र संडास-न्हाणीघर आलं, दार बंद करण्याची मुभा आली. ही प्रगतीच होती. पण गॅलरीची सगळी कामं आत गेली आणि बाहेर उरली तीन-चार फुटांची बाल्कनी, तिच्याकडे काम म्हणून काहीच नव्हतं. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेतली बाल्कनी चटईक्षेत्र निर्देशांकात धरली जात नसे, आणि शुल्क भरून ती बंदिस्त करण्याची सोयही होती. निकाल ठरल्यासारखा लागला. बिनकामाची आणि वर मोजणीत नसलेली जागा काचा लावून बैठकीच्या खोलीत ओढली गेली. २०१२च्या दुरुस्तीनंतर बाल्कन्याही निर्देशांकात मोजल्या जाऊ लागल्या, तेव्हा कित्येक इमारतींत त्या मुळातच बांधल्या गेल्या नाहीत. रेरा कायद्याने चटईक्षेत्राच्या व्याख्येतून बाल्कनी आणि गच्ची वगळली. फसवणूक टळावी हा त्यामागचा हेतू योग्यच होता, पण घर घेणाऱ्याच्या मनात या जागा ‘खऱ्या’ क्षेत्रफळाबाहेरच्या ठरल्या. सगळं खापर मात्र नियमांवर फोडता येणार नाही. बाल्कनीत रोज जावं लागेल असं एखादं काम असतं तर इतक्या सहजपणे तिला काचा लागल्या नसत्या.

चार्ल्स कोरिया यांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. ‘द न्यू लँडस्केप’ या १९८५च्या पुस्तकात त्यांनी असं मांडलं की आपल्या हवेत स्वयंपाक, झोप, मुलांचा खेळ, पाहुण्यांची उठबस ही कामं वर्षातला बराच काळ आकाशाखाली होऊ शकतात. म्हणून गरिबांच्या घरांचा हिशेब करताना उघड्या जागेलाही खोलीसारखंच मोल द्यायला हवं, आणि ती बांधायला खोलीपेक्षा स्वस्त पडते. १९८३मध्ये पुरी झालेली त्यांची मुंबईतली कांचनजंगा ही श्रीमंतांची इमारत, पण तिच्या कोपऱ्यांतल्या दोन मजली उंचीच्या गच्च्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचाच धडा गिरवतात. मुंबईत चांगला वारा आणि चांगलं दृश्य पूर्व-पश्चिमेला, आणि कडक ऊन नि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. तेव्हा ती बाजू खोलीने न अडवता खोल गच्चीने झेलायची. त्याच सुमारास नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी आखलेल्या वसाहतीत सात-सात घरं एका लहानशा सामायिक चौकाभोवती बसवली आणि प्रत्येक घराला स्वतःची थोडी उघडी जागा दिली. पुढे तिथली घरं वाढत गेली आणि अनेकांनी आपल्या वाट्याची उघडी जागा बांधून टाकली. टीकाकार हे या कल्पनेचं अपयश म्हणून दाखवतात. वास्तविक त्यातून एवढंच दिसतं की कुटुंब वाढलं आणि खोली कमी पडली की ज्या जागेला काम नाही तिचा बळी पहिला जातो. मापाचा प्रश्नही कामाशीच जोडलेला आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’मध्ये सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी जवळजवळ वापरलीच जात नाही, असं निरीक्षण नोंदवलं आहे. ते आपल्याकडेही तंतोतंत पटतं. तीन फुटांत खुर्ची ठेवली की माणूस जाऊ शकत नाही आणि माणूस उभा राहिला की परात ठेवता येत नाही. सहा फुटांत मात्र दोघं समोरासमोर बसून मटार सोलू शकतात.

या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप असा : दिवसभर राबणाऱ्या माणसाला घरी आल्यावर बाहेर आणखी काम कशाला? त्याला निवांत बसू द्या. आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या बाजूने सर्वांत चांगला दाखला गोव्याच्या बाल्कांवचा देता येईल. घराच्या दर्शनी पायऱ्यांवर लहानसं छप्पर आणि दोन्ही बाजूंना पक्की बांधलेली बैठक, एवढाच तो प्रकार. तिथे काही झोडायचं नसतं, वाळवायचं नसतं, फक्त बसायचं असतं. मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांतलं गोव्याचं गाव त्याशिवाय पुरं होत नाही. मग हा आपल्या नियमाला अपवाद झाला का? नीट पाहिलं तर नाही. बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून असतो. पाव घेऊन येणारा पोदेर, मासळीवाली, टपाल, चर्चहून परतणारे शेजारी, या सगळ्यांशी घराचा व्यवहार तिथेच व्हायचा. आतल्या खोलीत न नेताही माणसाचं स्वागत करता येणं, हे त्याचं काम होतं. ज्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागली आणि पायी जाणारं माणूस दिसेनासं झालं, तिथले बाल्कांव रिकामे झाले. बैठक तीच, छप्पर तेच, फक्त व्यवहार संपला. आपल्या सोसायट्यांच्या गच्च्याही हेच सांगतात. वर्षभर कुलूप असलेली गच्ची कोजागिरीच्या रात्री गजबजते, कारण त्या रात्री तिथे दूध आटवायचं असतं, कुणी साखर आणायची असते, कुणी चारोळ्या निवडायच्या असतात. चंद्र काय, दर पौर्णिमेला असतोच. तेव्हा काम म्हणजे कष्टच असं समजण्याचं कारण नाही. माणसाला त्या जागेवर नेणारं आणि तिथे थोडा वेळ धरून ठेवणारं कोणतंही निमित्त पुरे.

दुसरा आक्षेप डासांचा, धुळीचा, पावसाचा आणि उन्हाचा. त्याला हसण्यावारी नेणारे लेखक बहुधा संध्याकाळी सात वाजता उघड्यावर बसलेले नसतात. पण यातल्या बहुतेक अडचणींना उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि उघड्या गच्चीवर तो बहुधा आपण ठेवलेल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांतच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासल्या तर पैदास थांबते. डास उडायला दुबळा असतो, त्यामुळे छताचा किंवा भिंतीचा पंखा धूप-अगरबत्तीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि दमट हवेत वाऱ्याची गरजही भागवतो. पावसाचा उपाय कोकणाने सांगितलाच आहे : छप्पर पुढे आणा आणि काढता-घालता येणारा आडोसा ठेवा. उन्हासाठी बांबूच्या चटया, वाळ्याच्या ताट्या किंवा वेलीचा मांडव. धुळीचा आणि हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वाहत्या महामार्गावरच्या दुसऱ्या मजल्यावर उघड्यावर बसणं तब्येतीला बरं नाही, आणि तिथे काच बंद ठेवणाऱ्याला दोष देता येणार नाही. उघडी खोली प्रत्येक घराला प्रत्येक वेळी साधेल असा आग्रह इथे नाही. पहाटे दोन तास, हिवाळ्यातल्या दुपारी, उन्हाळ्यातल्या रात्री असं तिचं वेळापत्रक असतं. देवघरात तरी आपण दिवसाचे किती तास घालवतो? म्हणून ते फुकट गेलं असं कुणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. शहरात चौरस फुटाला मोजावे लागणारे पैसे पाहता साठ फूट जागा उघडी सोडणं ही चैन नव्हे काय? हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. बाल्कनीला काच लावून वाढवलेली जागा पश्चिमेला असेल तर दुपारनंतर भट्टीसारखी तापते, तिची उष्णता बैठकीच्या खोलीत उतरते आणि एसी अधिक चालवावा लागतो. कपडे वाळवायला जागा उरत नाही, ते घरातल्या स्टँडवर जातात आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. भाजणं, तळणं, वाटणं घरातच होतं, तेव्हा चिमणी लागते. उघड्या खोलीने फुकटात केलेली कामं बंद घरात यंत्रं करतात, आणि त्यांचं बिल दर महिन्याला येतं. २०२०च्या टाळेबंदीत बाल्कनी असलेल्या आणि नसलेल्या घरांतला फरक पैशाच्या पलीकडचा होता, हे शहरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्यांच्याकडे स्वतःची उघडी जागा नाही त्यांच्यासाठी प्रश्न सोसायटीच्या गच्चीचा आहे. गळती, टाक्यांची सुरक्षितता, मुलं पडण्याची भीती, भांडणं, ही कुलूप लावण्याची कारणं खरी आहेत. मात्र पुरेसा उंच कठडा, चांगलं जलरोधक अस्तर आणि ठरलेल्या वेळा, एवढ्यात त्यांतली बहुतेक सुटतात. त्यासाठी लागणारा खर्च एका फ्लॅटच्या सजावटीएवढाही नसतो.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि जुन्या घरांच्या गोडव्यात तो हमखास विसरला जातो. ओटी-अंगणाची ती व्यवस्था सगळ्यांना सारखी नव्हती. कुणी ओटीवर बसायचं, कुणी अंगणातच उभं राहायचं आणि कुणी अंगणातही पाऊल टाकायचं नाही, हे जातीवरून ठरत असे. पुढची ओटी पुरुषांची होती, आणि बायकांच्या वाट्याला मागचं दार, न्हाणी, विहीर आणि परसू येई. सारवण, वाळवण, झाडलोट हे ज्या कामाचं आपण कौतुक करतो ते कुणाच्या पाठीवर होतं, हे विसरून उघड्या जागेचा पुरस्कार करणं अप्रामाणिक ठरेल. म्हणून हे पुस्तक जुनं अंगण परत आणा असं सांगत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीऐवजी शहाबादी फरशी टाकली तर काहीही बिघडत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की जागेला जोडलेलं काम हात बदलू शकतं. अमेरिकेत आतला स्वयंपाक बायकांचा समजला जात होता त्या काळातच डेकवरची शेगडी मात्र पुरुषांच्या ताब्यात गेली, ती आजवर. मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत गच्चीवरच्या कुंड्या आणि ओल्या कचऱ्याच्या खताचा डबा निवृत्त झालेल्या आजोबांकडे आहे. बंद स्वयंपाकघरात एकटीने केलेलं काम दिसत नाही. उघड्यावर केलेलं चारचौघांना दिसतं, आणि दिसणाऱ्या कामाला हात लावायला दुसरा पटकन पुढे येतो. मागच्या दाराची कामं पुढच्या ओटीवर आली तर समानतेच्या दिशेने थोडं तरी सरकता येईल.

एक इशारा मात्र सुरुवातीलाच द्यायला हवा. उघडी खोली देखभालीत खोलीपेक्षा जास्त मागते. २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एक बाल्कनी कोसळून सहा तरुण-तरुणी दगावले. आत अडकलेल्या ओलीने लाकडी तुळया कुजल्या होत्या आणि वरून काही दिसत नव्हतं. त्यानंतर २०१८मध्ये त्या राज्याने अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींतल्या अशा बाल्कन्या आणि डेक दर सहा वर्षांनी तपासून घेणं सक्तीचं केलं. आपल्याकडे लाकडाची जागा सळईच्या काँक्रीटने घेतली तरी शत्रू पाणीच आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि सज्जे कोसळतात. कोकणात उघड्यावर लाकूड वापरायचं तर वाळवी आणि पाऊस दोन्ही गृहीत धरावे लागतात, तिथे जांभा आणि फरशी अधिक विश्वासू. प्लॅस्टिक-लाकडाच्या मिश्र फळ्या कुजत नाहीत, पण देशावरच्या उन्हात अनवाणी पायाला चटके देतात. पाण्याला वाट देणारा उतार, जिथे फळी किंवा सज्जा भिंतीला मिळतो तो सांधा, आणि कठड्याचा आधार या तीन गोष्टी दर वर्षी पावसाळ्याआधी पाहिल्याच पाहिजेत. इथेही कामाचा नियम उपयोगी पडतो. रोज वापरातल्या जागेतली ओल आणि भेग लवकर नजरेस येते. कडी लावलेल्या दारामागची येत नाही.

पुढच्या प्रकरणांत मापं, साहित्य, छपरांचे प्रकार, पंखे, नळ, झाडं आणि खर्च यांची तपशीलवार माहिती आहे, आणि ती क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. कुणाकडे परसासकट बंगला असेल, कुणाकडे सहा फुटांची बाल्कनी, कुणाकडे फक्त सोसायटीच्या गच्चीच्या किल्लीसाठी अर्ज करण्याचा हक्क. तिघांनाही विनंती एकच. खुर्च्या, झोपाळा आणि दिव्यांच्या माळा यांच्या दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं की रोजच्या कामांपैकी कोणतं काम आपण बाहेर नेणार आहोत आणि ते कोण करणार आहे. सकाळचा चहा, भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, भाकरीची चूल, मुलांचा अभ्यास, काहीही चालेल. ते ठरल्यावर नळ कुठे हवा, दिवा कुठे हवा, सावली किती हवी, हे सगळं पुढे सरळ होतं. आणि तसं एकही काम सुचत नसेल, तर डेकवरचा खर्च तूर्त थांबवावा.